मामा तलावाचा गाळ, पूर्णेची दरड आणि पाच मीटरचा हातऑगर: विदर्भासाठी कोणता भाग घ्यावा, कोणता सोडावा

डच पद्धतीचा, एडेलमन या नावाने ओळखला जाणारा हातऑगर म्हणजे माती काढायचे लांब दांड्याचे गिरमिट. पाच मीटरच्या संचात आडवी मूठ, एकेक मीटरच्या जोडदांड्या, सात सेंटीमीटर व्यासाची चार डोकी (चिकणमातीचे, मिश्र मातीचे, वाळूचे आणि खडीचे), एक मीटर लांब व तीन सेंटीमीटर व्यासाची गाऊज नळी, नायलॉनचा हातोडा, पाने आणि कॅनव्हासची पिशवी एवढे येते. हा संच मुळात मृदा सर्वेक्षणासाठी विकला जातो. इथे त्याची पारख वेगळ्या कामासाठी केली आहे: नदी-तलावांचा जुना गाळ थर न मोडता वर काढणे, म्हणजे त्यातून शेकडो-हजारो वर्षांचा पाऊस, दुष्काळ, जंगल आणि शेती वाचता येईल.

निकाल आधीच सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माजी मालगुजारी (मालगुजार, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांसाठी, म्हणजे मामा तलावांसाठी, हे अवजार उत्तम आहे. पण अख्खा संच घेऊ नका. गाऊज, चिकणमातीचे डोके, चार जोडदांड्या आणि मूठ एवढेच सुटे मागवा. अकोला, बुलडाणा, अमरावतीतल्या पूर्णाकाठच्या गाळासाठी बहुतेक ठिकाणी ऑगर लागतच नाही; नदीने आणि घळींनी दरड आयती कापून ठेवली आहे, तिथे फावडे आणि सब्बल जास्त खरे बोलतात. आणि काळ्या वावरात वरच्या दीड मीटरमधून हवामानाचा इतिहास काढायचा विचार असेल, तर कुठल्याच कंपनीचा ऑगर घेऊन उपयोग नाही. त्याचे कारण अवजारात नाही, मातीत आहे. ते पुढे येतेच.

डोकी आणि सांधे

चिकणमातीच्या डोक्याची पाती अरुंद असतात. भारी माती पात्यांना धरून राहते, त्यामुळे रुंद आधाराची गरज नसते आणि घर्षण कमी होते. वाळूच्या डोक्याची पाती रुंद असतात, कारण सुटी वाळू वर येताना गळून पडते. हा फरक लक्षात न घेता वाळूचे डोके कन्हार, म्हणजे भारी चिकण जमिनीत घातले की दोन माणसांनाही ते फिरवत नाही. मिश्र डोके कशालाच धड नाही; ते यादीतून काढा. खडीचे डोके वैनगंगेच्या जुन्या पात्रात कधीतरी लागते, पण मूठभरापेक्षा मोठा गोटा आडवा आला की तेही थांबते.

डोके किती फिरवायचे, यावर सगळे अवलंबून आहे. दोन ते तीन पूर्ण फेरे, साधारण दहा-बारा सेंटीमीटर, आणि लगेच वर. पाती गच्च भरेपर्यंत फिरवत राहिले तर माती आत दाबली जाते, थर चिरडतात आणि ओढताना खालून पोकळी तयार होऊन डोके शोषले जाते. तीन मीटरखाली ओल्या भारी मातीत असे अडकलेले डोके काढताना मूठ वाकते. अडकलेच तर नुसते वर ओढू नका. उलट दिशेने अर्धा फेरा द्या, भोकात थोडे पाणी सोडा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि मग दोघांनी पाठ सरळ ठेवून गुडघ्यांच्या जोरावर उचला.

सांधे दोन प्रकारचे मिळतात. आट्यांचे सांधे स्वस्त आणि गावच्या लोहाराकडेही दुरुस्त होणारे, पण माती बसली की दोन पाइप-पाने लागतात आणि उलटे फिरवताना डोके खालीच सुटून राहण्याचा धोका असतो. वरच्या परिच्छेदातला अर्धा उलटा फेरा आट्यांच्या सांध्यावर म्हणूनच जपून. खाचेचे सांधे, ज्यावर सरकती कडी बसते, ते महाग. पण विदर्भाच्या मातीसाठी तेच घ्यावेत. त्यांचा दोष एकच: कडीखाली चिकणमाती वाळली की ती सरकत नाही. बादलीभर पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश जवळ ठेवला, प्रत्येक वेळी सांधा धुतला, की तक्रार राहत नाही. तेल लावू नका. तेलाचा अंश नमुन्यात गेला तर सेंद्रिय रेणूंचे आणि वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चे (किरणोत्सर्गी कार्बनचे) दोन्ही विश्लेषण बिघडते.

देशी बनावटीच्या संचात एक गोष्ट मोजून घ्यावी: दांड्यांवरच्या दहा सेंटीमीटरच्या खुणा. कधी त्या रंगाने काढलेल्या असतात आणि लवकर पुसल्या जातात. कधी सांध्याची लांबी धरलेलीच नसते, म्हणून प्रत्येक जोडणीला काही सेंटीमीटरची चूक साचत जाते. चार जोडण्यांत ती बोटभर लांबीची होते. तलावाच्या गाळात तेवढ्यात दहा-वीस वर्षे बसतात. खुणा कानसीने खाचून घ्याव्यात आणि सगळा दांडा जोडून पोलादी टेपने एकदा तपासावा.

गाऊज: संचातला सगळ्यात कामाचा भाग

गाऊज म्हणजे एका बाजूने उघडी, पन्हळीसारखी नळी. ती फिरवायची नसते. सरळ खाली दाबायची, पूर्ण खोलीवर गेली की घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण फेरा द्यायचा आणि वर ओढायची. त्या एका फेऱ्यात नळीची धार गाळाचा दंडगोल कापून घेते. वर आल्यावर उघड्या बाजूने जास्तीची माती चाकूने काढायची, पण चाकू आडवा चालवायचा, या काठापासून त्या काठापर्यंत. उभा चालवला की वरची काळी माती खालच्या राखाडी थरावर सारवली जाते, आणि मग प्रयोगशाळेत खालच्या थरात वरचे परागकण सापडतात. पहिले दोन-तीन मिलिमीटर असेच टाकून द्यावेत.

मऊ गाळात गाऊज दाबताना गाळ आखडतो. शंभर सेंटीमीटर दाबले आणि नळीत ८६ सेंटीमीटरच भरले, तर १४ टक्के आकुंचन झाले. ते दोन्ही आकडे तिथेच वहीत लिहा; नंतर आठवत नाहीत. आकुंचन सगळ्या थरांत सारखे नसते, वरच्या पातळ गाळात जास्त आणि खालच्या घट्ट थरात कमी असते, म्हणून सरसकट गुणाकार करण्यापेक्षा शेजारी दुसरे भोक घेणे चांगले. पहिल्या भोकातून ०–१००, १००–२०० सेंटीमीटर. अर्ध्या मीटरवरच्या दुसऱ्या भोकातून ५०–१५०, १५०–२५०. एका नळीचा सांधा दुसऱ्या नळीच्या मध्यावर येतो. गाऊजच्या टोकाचे तीन-चार सेंटीमीटर नेहमी गळतात, तेही यामुळे भरून निघतात. प्रत्येक नळीच्या माथ्यावरची दोन-तीन सेंटीमीटर माती भोकाच्या भिंतीवरून पडलेली असते, ती मोजणीत धरायची नाही.

गाऊजची खरी कमतरता वर आहे. तलावाच्या तळावरचा १०–२० सेंटीमीटरचा पेजेसारखा गाळ तिच्यात राहत नाही, ओघळून जातो. म्हणजे सगळ्यात अलीकडची दशकेच हरवतात. त्यासाठी संचात काही नाही. वेगळी सोय करावी लागते. ६३ मिलिमीटरचा मीटरभर लांब पारदर्शक किंवा पीव्हीसी पाइप घ्या, खालची कड बाहेरच्या बाजूने कानसीने धारदार करा, हळूच सरळ दाबा, वरचा मोकळा भाग पाण्याने तोंडापर्यंत भरा, रबरी बूच घट्ट बसवा आणि ओढा. वरच्या निर्वातामुळे गाळ धरून राहतो. खालचे टोक पाण्याबाहेर येण्याआधी पाण्यातच दुसरे बूच लावायचे. पाण्याबाहेर काढून मग बूच शोधायला गेले की सगळे पुन्हा तलावात. हा पाइप आडवा न्यायचा नाही, गाडीतही उभाच.

तलावात जागा कुठली

मामा तलाव म्हणजे पाणलोटातून येणारा गाळ शतकानुशतके एकाच ठिकाणी साठवणारी आयती पेटी. हे तलाव बहुतांश कोहळी समाजाने बांधले. मालगुजारी १९५० नंतर संपली आणि तलाव सरकारकडे आले. गाळ मात्र तिथेच राहिला. त्यातून काय मिळेल हे जागेवर ठरते.

पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, अगदी लागून भोक घेऊ नका. पाळीसाठी माती तिथूनच खणलेली असते, म्हणजे तलावाआधीची मूळ जमीन तिथे शिल्लकच नसते. नाला आत येतो त्या तोंडाशीही नको. तिथे प्रत्येक पुराची वाळू त्रिकोणी पसरते आणि गाऊज वाळूत निकामी होते. या दोन्हींच्या मधली, पाळीकडे झुकलेली सपाट जागा बघा. गुरे उतरतात तो घाट, शिंगाड्याची शेती, बेशरम आणि पाणकणसाची बेटे टाळा, कारण खूर, हात आणि मुळे थर ढवळतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. कुठे काठी किती बुडते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. परवानगीसाठी ग्रामपंचायत, लघुपाटबंधारे विभाग आणि मासेमारी संस्था, या तिन्हींशी आधी बोलणे गरजेचे आहे.

आणि सगळ्यात आधी एक प्रश्न: या तलावातून गाळ उपसला आहे का? २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेखाली अनेक तलावांतला गाळ शेतात गेला. शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, तलावाची साठवणही वाढते, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण जेसीबीने दीड मीटर गाळ उचलला की तिथली सगळी नोंद गेली, आणि ती परत कधीच तयार होणार नाही. उपसा सुरू होण्याच्या आधी एक गाऊज, दोन पाइप, अर्ध्या दिवसाचे काम. एवढे प्रत्येक तालुक्यात एका तरी तलावात व्हावे असे मनापासून वाटते. उपसलेल्या तलावात यंत्र ज्या कोपऱ्यापर्यंत गेले नाही तो कोपरा शोधा. तिथे अजून थर मिळू शकतात.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे. पाणी मांडीएवढे ते कमरेएवढे असावे. दोन डोंगे फळ्यांनी बांधले की मध्ये उभे राहून दाबता येते; एकाच डोंग्यावरून दाबताना डोंगा मागे सरकतो आणि भोक तिरके होते. तिरकी नळी म्हणजे खोटी खोली. मे महिन्यात कोरड्या तळावर जाणे सोपे वाटते, पण तोवर गाळाला भेगा पडलेल्या असतात, हवा आत जाते, परागकण सडतात आणि वरची धूळ भेगांतून खाली उतरते.

नळी उघडल्यावर काय दिसते

तलावाच्या नळीत सगळ्यात खाली घट्ट, ठिपकेदार माती लागते: पिवळट-तांबूस डाग, जुन्या मुळांच्या नळ्या, कधी सिहार मातीसारखी रेताड, कधी लोहाचे बारीक खडे. ती तलावाआधीची जमीन. तिच्यावर एकदम करडा-काळा, मऊ, वास येणारा गाळ सुरू होतो. ती रेषा म्हणजे पाळ बांधली गेल्याचा काळ. त्या रेषेच्या लगेच वरचे बी, पान किंवा कोळसा कार्बन-१४ साठी वेगळा काढावा. एक अडचण ध्यानात ठेवा: गेल्या तीनशे वर्षांत वातावरणातल्या कार्बन-१४ चे प्रमाण वरखाली होत राहिल्यामुळे एकाच मोजणीला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. तलाव १६८० चा की १७८० चा, हे एका नमुन्यावर ठरत नाही. एकाखाली एक तीन-चार नमुने आणि त्यांच्यातले अंतर, यांवरूनच ते सुटते.

वरच्या शंभर-दीडशे वर्षांचे वय काढायला लेड-२१०, म्हणजे किरणोत्सर्गी शिसे आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे. त्याच्या जोडीला सीझियम-१३७, जे अणुचाचण्यांमुळे जगभर पडले आणि ज्याचा उच्चांक १९६३ च्या आसपास येतो. आपल्या कटिबंधात ही खूण मंद असते, म्हणून एक-एक सेंटीमीटरचे काप आणि प्रत्येकाचे ओले व कोरडे वजन अचूक हवे. वरचा पेजेसारखा गाळ हरवला असेल तर लेड-२१० चे गणितच मांडता येत नाही. वेगळ्या पाइपचा आग्रह त्यासाठीच.

मधे पांढरट वाळूची पातळ पट्टी आली तर ती मोठा पूर, वरच्या तलावाची फुटलेली पाळ, किंवा पाणलोटातली जंगलतोड, यांपैकी काहीही असू शकते. भेगांच्या खुणा आणि गंजाचे ठिपके असलेला घट्ट पापुद्रा म्हणजे तलाव आटला होता. मध्य प्रांतात १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ भयंकर होते, हे माहीत असल्यामुळे असा थर दिसला की त्याला लगेच ते वर्ष चिकटवण्याचा मोह होतो. तसे करू नये. आधी लेड-२१० चे वय, मग वर्ष. पाळ दुरुस्तीसाठी मुद्दाम रिकामा केलेला तलावही अगदी तसाच थर सोडतो.

शेतीची नोंद कार्बनच्या समस्थानिकांत सापडते. ज्वारी, मका, ऊस आणि बहुतेक रानगवते ज्या पद्धतीने कार्बन धरतात, तिच्यामुळे त्यांच्या कार्बन-१३ चा (कार्बनच्या जड प्रकाराचा) ठरलेल्या मानकाशी तुलना केलेला आकडा उणे १२–१३ प्रति हजारच्या आसपास येतो. साग, धान, तूर, कापूस यांचा उणे २७ च्या आसपास. गाळातला आकडा एकीकडून दुसरीकडे सरकला की झाडोरा बदलला. पण धान आणि जंगल दोन्ही एकाच बाजूला पडतात. गोंदियाच्या तलावात जंगल तोडून बांध्या घातल्या तरी हा आकडा हलणार नाही. तिथे धानाचे सिलिकाकण, म्हणजे फायटोलिथ, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात.

सेंद्रिय अंश काढायची साधी रीत म्हणजे भट्टीत जाळणे. नमुना १०५ अंशांवर रात्रभर वाळवून वजन, ५५० अंशांवर चार तास जाळून वजन, ९५० अंशांवर दोन तास ठेवून वजन. पहिली घट सेंद्रिय, दुसरी कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड, तिला २.२७ ने गुणले की कॅल्शियम कार्बोनेट. पूर्व विदर्भाच्या गाळात ही रीत चांगली चालते. काळ्या मातीत फसते. तिथली स्मेक्टाइट चिकणमाती ५५० अंशांपर्यंत स्वतःतले बांधलेले पाणीही सोडते आणि सेंद्रिय अंश आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

काळे वावर: इथे ऑगर का नको

पश्चिम विदर्भात, जिथे पाऊस साधारण ८०० मिलिमीटर, उन्हाळ्यात भारी जमिनीला मीटरभर खोल भेगा पडतात. पृष्ठावरची माती, शेणखत, कोळसा, बी-बियाणे त्या भेगांत पडते. पावसाळ्यात माती फुगते, भेगा मिटतात, आणि आत पडलेल्या मातीला जागा करून देण्यासाठी खालचे ढेकूळ एकमेकांवर घासत वर सरकतात. खणलेल्या खड्ड्यात अर्ध्या ते दीड मीटरवर चकचकीत, तिरके, हाताला साबणासारखे लागणारे पृष्ठ दिसतात ते या घासण्याचे. असे हजारो वर्षे चालले की वरचा थर म्हणजे खालचा थर आणि खालचा म्हणजे वरचा. त्यातून दर दहा सेंटीमीटरला नमुना घेऊन आलेख काढला तर आलेख सुंदर येतो आणि त्याचा काही अर्थ नसतो.

त्या मातीत हवामानाची खूण आहे, पण ती थरांत नसून चुनखडीच्या गाठींत आहे. हवा कोरडी होत गेली की मातीतला कॅल्शियम हा कार्बोनेट होऊन बसतो, सोडियम वाढतो आणि जमीन चोपण होत जाते. गाठी कुठल्या खोलीला, किती आणि कशा आहेत हे पाहण्यासाठी ऑगरपेक्षा दीड मीटर बाय एक मीटरचा, माणूस उतरेल असा खड्डा लागतो. ऑगरची पाती गाठ फोडतात किंवा बाजूला ढकलतात. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. विदर्भाच्या मातींचे खड्ड्यांचे वर्णन कसे करायचे हे शिकायला दूर जायची गरज नाही.

चुनखडीचे कार्बन-१४ वय मात्र घेऊ नका. तिच्यात जुना विरघळलेला कार्बन मिसळलेला असतो आणि वय खोटे जुने येते. गोगलगायीच्या शिंपल्यांनाही हाच आजार.

पूर्णेची दरड

पूर्णेचे खोरे उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याच्या भ्रंशाला, म्हणजे खडक सरकलेल्या मोठ्या भेगेला, लागून खचत गेले आणि गाळाने भरत गेले. तो गाळ शेकडो मीटर जाड आहे, आणि खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. पाच मीटरचा ऑगर इथे वरचे साल खरवडतो एवढेच. त्याउलट नदीकाठच्या घळींत दहा-दहा मीटर उंच दरडी उघड्या आहेत: तळाशी चुन्याने घट्ट झालेली खडी, वर पिवळट पोयटा, त्यात चुनखडीच्या रांगा, सर्वात वर काळी माती.

दरड अर्धा ते एक मीटर आत कापून ताजा पृष्ठ काढायचा, पायऱ्या करत वरून खाली यायचे. खालून पोखरायचे नाही. पावसाळ्यानंतरची काळी दरड आवाज न करता सुटते. दरडीखाली बसून मोजमाप करणे जिवावर बेतू शकते. वर एक माणूस भेगांवर लक्ष ठेवून असलाच पाहिजे.

वयासाठी इथे प्रकाशदीप्ती पद्धत वापरतात: वाळूच्या कणावर शेवटचे ऊन कधी पडले ते मोजणे. त्यासाठी ऑगर निरुपयोगी, कारण वर येताना नमुन्याला उजेड लागतो. पाच सेंटीमीटर व्यासाचा, पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब पोलादी पाइप दरडीत आडवा ठोका, दोन्ही तोंडे लगेच काळ्या प्लास्टिकने बंद करा, आणि आजूबाजूची किलोभर माती वेगळ्या पिशवीत हवाबंद घ्या. किरणोत्सर्ग आणि ओल मोजायला ती लागते. एक स्थानिक अडचण: बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते. पूर्णेच्या वाळूत जे पांढरे चमकते त्यात गारगोटी-अकीकाचे तुकडे बरेच. म्हणून प्रयोगशाळेला आधीच सांगावे की फेल्डस्पारवर मोजणी करावी लागेल. वैनगंगेकडे ही अडचण नाही. तिथला खडक जुना, नाइस आणि ग्रॅनाइटचा, क्वार्ट्झ भरपूर.

पूर्णेच्या गाळात टोबाची राखही नोंदली गेली आहे. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला आणि त्याची राख भारतभरच्या नद्यांच्या गाळात बसली. असा थर हाती लागला की त्याच्या वर-खालच्या सगळ्याला तारीख मिळते. फसगत होते ती चुन्याच्या पांढऱ्या पुडीशी. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: चुना फसफसतो, राख गप्प राहते. राख पिठासारखी हलकी, पण बोटांत चोळली तर काचेसारखी बारीक खरखर लागते. सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या बुडबुड्यांच्या वक्र काचा दिसल्या तरच खात्री. बऱ्याचदा ती पाण्याने वाहून एकत्र केलेली असते, म्हणून थर जाड असला तरी तो एका दिवसाचा समजू नये.

लोणारचा दाखला

हातऑगरच्या मर्यादेपलीकडे काय मिळते हे लोणारने दाखवले आहे. तळ्यातून काढलेली साधारण दहा मीटरची नळी गेल्या सुमारे ११,००० वर्षांची निघाली. सरासरीने एका सेंटीमीटरात अकरा वर्षे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पावसाळा क्षीण झाल्याचे दोन लांब काळ दिसले: आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. खूण होती गेलुसाइट नावाच्या स्फटिकांची. सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचे हे स्फटिक तळ्याचे पाणी आटून फार खारट झाले की बनतात.

लोणारच्या पाण्याचा सामू (pH) दहाच्या आसपास आहे, आणि अशा पाण्यात सिलिका विरघळते. म्हणून डायाटम (सिलिकेचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले) आणि फायटोलिथ मोजायची सवय असलेल्यांनी लोणारसारख्या खाऱ्या तळ्यात त्यांवर भिस्त ठेवू नये. धानपट्ट्यातली रीत तिथे चालत नाही. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऑगर घेऊन तिथे जायचे नाही. विद्यार्थ्यांना सराव हवा असेल तर गावची बोडी, म्हणजे लहान तळे, पुरते.

मागवताना आणि साठवताना

मागणीपत्रात सुट्या वस्तू अशा लिहा: खाचेच्या सांध्याची मूठ एक, जोडदांड्या चार, तीन सेंटीमीटरची गाऊज एक, सात सेंटीमीटरचे चिकणमातीचे डोके एक, सरकत्या कड्या जादा दोन. सहा सेंटीमीटरची गाऊज दाखवली तर कोरड्या जमिनीसाठी मोहात पडू नका. ती दाबायला तिघे लागतात आणि वर काढायला तिपाई. पोलाद कठीण केलेले आहे का हे धारेवर कानस एकदा घासून पाहा. कानस सहज बसली तर मुरमात धार एका दिवसात जाईल. गाऊज डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते बघूनच पावतीवर सही करा. वाकडी गाऊज फेरा देताना दंडगोल तोडते.

नळ्या ठेवायला दोन इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घ्या, त्यात पातळ प्लास्टिक गुंडाळून गाळ सरकवा, वरच्या टोकाकडे बाण आणि खोली कायम शाईने लिहा, एकदा पाइपवर आणि एकदा आतल्या चिठ्ठीवर. सेंद्रिय रेणूंसाठीचा भाग प्लास्टिकला लावायचा नाही, ॲल्युमिनियमच्या कागदात. चार अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको; गोठताना पाणी फुगून बारीक थर फाटतात. एप्रिलच्या उन्हात जीपमध्ये दिवसभर राहिलेल्या ओल्या नमुन्यावर बुरशी धरते आणि तिचा ताजा कार्बन वय तरुण करतो. कार्बन-१४ चे बी किंवा कोळसा त्याच संध्याकाळी वेगळा करून चाळीस-पन्नास अंशांवर वाळवून काचेच्या बाटलीत भरावा. कार्बन-१४ ची त्वरकावर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) मोजणी करण्याची सोय दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे; तिथे मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, पण नमुन्याची खोली, जागेचे अक्षांश-रेखांश आणि पाण्याची पातळी लिहिलेली नसेल तर आलेल्या आकड्याचे पुढे काही करता येत नाही.